आठ गांवांची एक शाळा

विद्यालय म्हटलें म्हणजे एक आवार, एक फाटक, फाटकावरची पाटी आणि ठराविक वेळीं होणारा घंटेचा नाद, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. फ्रान्समधील ‘आर ए मेतिए’ ह्या इंजिनियरिंग विद्यालयास हें चित्र लागू पडत नाहीं. ह्या नांवाचा सरळ अर्थ ‘कला आणि हुन्नर’. हें विद्यालय पॅरिसमध्यें आहे असें म्हणावें तर तें खरें. उत्तरेस लील येथें, पश्चिमेस आंझे येथें किंवा भूमध्य समुद्राजवळच्या एक्स येथें आहे असें म्हणावें तर तेंहि खरेंच. मेत्झ, शालों, क्लूनी आणि बोर्दो हीं आणखी चार गांवें धरून त्याचीं आठ केंद्रें होतात. शिवाय लाव्हाल, शांबेरी व शालों-सुर-सोन येथें त्याच्या लहान संस्था आहेत त्या निराळ्याच. लीलपासून एक्सपर्यंतचें अंतर सुमारें एक हजार किलोमीटर. एवढ्या विस्तारावर पसरलेली संस्था एकच कशी, तिच्या विद्यार्थ्यानें शिकावयाचें कोठें आणि संशोधकानें आपलें टेबल मांडावयाचें कोठें, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर नकाशांत सांपडत नाहीं. थोडें इतिहासांत शिरावें लागतें.

१७८० सालीं पॅरिसच्या उत्तरेस लिआंकूर येथील आपल्या जहागिरींत ला रोशफुको-लिआंकूर ह्या ड्यूकनें एका शेतवाडीवर छोटीशी शाळा काढली. ड्यूक हा घोडदळाच्या एका पलटणीचा अधिपति होता. पलटणींतील गरीब शिपायांचीं मुलें उघड्यावर पडूं नयेत, त्यांना अक्षरओळख व्हावी, हिशेब यावा आणि हातीं एखादा धंदा असावा, एवढाच त्याचा हेतु. १७८९ च्या जुलैंत बास्तीयचा तुरुंग पडल्याची वार्ता घेऊन सोळाव्या लुई राजाकडे गेला तो हाच गृहस्थ. हें बंड आहे काय, ह्या राजाच्या प्रश्नास, नव्हे महाराज, ही क्रांति आहे, असें उत्तर त्यानें दिल्याची कथा फ्रान्समध्यें सर्वश्रुत आहे. त्याच क्रांतीनें पुढें खुद्द ड्यूकला देशोधडीस लावलें. १७९२ सालीं तो इंग्लंडास पळाला, तेथून अमेरिकेस गेला आणि १७९९ सालीं परतला. परत येऊन पाहतो तों त्याची शाळा सरकारच्या ताब्यांत गेलेली.

पुढें ही शाळा कोंपिएन्य येथें हलली. नेपोलियन बोनापार्ट तेव्हां फ्रान्सचा प्रथम कॉन्सल होता. सैन्याला आणि सरकारी बांधकामांना अधिकारी पुरविणारीं विद्यालयें देशांत होतीं. पूल व रस्ते ह्यांचें विद्यालय १७४७ पासून, खाणींचें १७८३ पासून आणि सुप्रसिद्ध पॉलितेक्‌निक १७९४ पासून. परंतु कारखान्यांत अधिकाऱ्याच्या खालीं आणि मजुराच्या वर जो माणूस लागतो, ज्याला नकाशा वाचतां येतो आणि वेळ पडल्यास कानसहि हातीं धरतां येते, असा माणूस तयार करणारी संस्था नव्हती. १८०३ सालीं बोनापार्टच्या आज्ञेनें शाळेला ‘कला आणि हुन्नर’ हें नांव आणि हें काम मिळालें. लष्करी भाषेंत बोलावयाचें तर पॉलितेक्‌निकमधून सेनापति निघावे आणि येथून हवालदार. ही तुलना त्या शाळेच्या पाठीस पुढें शंभर वर्षें चिकटून राहिली. विद्यार्थ्यांना ती कधीं भूषणास्पद वाटे, कधीं झोंबे.

एका शाळेच्या अनेक शाळा झाल्या त्या कांहीं आंखलेल्या योजनेनें नव्हेत. मूळची शाळा १८०६ सालीं शालों येथें गेली आणि तेथेंच स्थिरावली. दुसरी शाळा पश्चिमेकडील बोप्रेओ येथें निघाली होती. पण तो प्रांत कट्टर राजपक्षीय. १८१५ सालीं नेपोलियन एल्बाहून परत आल्यावर तेथें उठाव झाला, आणि शाळेनें आपलें बिऱ्हाड उचलून आंझे शहर गांठलें. तेथें तिला जागा मिळाली ती रोंसरे नांवाच्या जोगिणींच्या जुन्या मठांत. क्रांतीनें धर्मसंस्थांची मालमत्ता जप्त केलेली असल्यामुळें भक्कम भिंतींचे रिकामे मठ ठिकठिकाणीं पडून होते. त्यांत कोठें बराकी आल्या, कोठें तुरुंग आले आणि कोठें भाते व ऐरणी आल्या. १८४३ सालीं दक्षिणेस एक्स येथें तिसरी शाळा निघाली. १९०० सालीं लील, १९०१ सालीं क्लूनी व १९१२ सालीं पॅरिस अशी भर पडली. बोर्दो १९६३ सालचें, आणि मेत्झ तर विसाव्या शतकाच्या अखेरचें. प्रत्येक गांवाच्या मागें त्या त्या काळची निकड आहे. कोठें दंगल टाळावयाची होती, कोठें गिरण्यांना माणसें हवीं होतीं, कोठें खाणी व पोलादाचे कारखाने बंद पडत चालल्यामुळें प्रांताला नवा आधार पाहिजे होता.

ड्यूक पुष्कळ वर्षें ह्या शाळांचा निरीक्षक होता. पण उदार मतांबद्दल १८२३ सालीं त्याच्याकडून सारीं सरकारी कामें काढून घेण्यांत आलीं. १८२७ सालीं तो पॅरिसमध्यें वारला. त्याची शवपेटी आपल्या खांद्यांवरून न्यावी म्हणून शालोंच्या शाळेचे जुने विद्यार्थी पुढें आले. सरकारला ह्या प्रेमाचें भय वाटलें. सैनिकांनीं मिरवणूक अडविली, झटापट झाली आणि त्या झटापटींत पेटी रस्त्यावरच्या चिखलांत कोसळली. साऱ्या फ्रान्सभर त्याचा गवगवा झाला. शिपायांच्या पोरांसाठीं काढलेल्या शाळेचें ऋण त्या पोरांनीं असें फेडावयाचें ठरविलें होतें, आणि तेंहि राज्यकर्त्यांना सोसवलें नाहीं!

ह्या शाळांत नेमकें काय शिकवीत, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण पुढील साऱ्या संशोधनाचें बीज त्यांतच आहे. विद्यार्थी वसतिगृहांत राहात, गणवेष घालीत आणि लष्करी शिस्तींत वागत. दिवसाचा मोठा भाग चार कार्यशाळांत जाई. पहिली नमुन्यांची, म्हणजे सुतारकामाची; दुसरी ओतकामाची; तिसरी लोहारकामाची; आणि चौथी जुळणीची. हें चार धंदे एकमेकांपासून तुटक नव्हते. यंत्राचा एखादा भाग ओतावयाचा तर प्रथम त्याचा लांकडी नमुना करावा लागतो, तो वाळूंत दाबून सांचा तयार करावा लागतो, आणि मग त्या पोकळींत रस ओतावयाचा. परंतु ओतीव लोखंड थंड होतांना शंभर भागांत सुमारें एक भाग आकसतें. म्हणजे ओतशाळेंत काय घडणार हें सुतारास आधींच ठाऊक हवें, नाहीं तर त्याचा नमुना कितीहि सुबक असला तरी भाग आंखूड निघावयाचा. जुळणीच्या शाळेंत कानशीनें पृष्ठभाग सपाट करावयाचा असे. ऐकतांना ही अगदीं सोपी गोष्ट वाटते. प्रत्यक्षांत कानस पुढें जातांना हात नकळत झोंके घेतो आणि पृष्ठभाग मध्यें फुगीर, कडांना उतरता असा होतो. तो खरोखर सपाट यावयास महिनेच्या महिने लागतात. भूमितींतील समतल व्याख्येंत एका ओळींत येतो. कानशींतून तो यावयाचा म्हणजे खांद्यांतून, मनगटांतून आणि उभें राहण्याच्या ढबींतून येतो. हें कष्ट ज्यानें उपसले त्याच्या तोंडीं ‘सपाट’ हा शब्द निराळ्याच वजनानें येत असला पाहिजे.

गणित व यंत्रशास्त्र ह्यांची पातळी हळूहळू चढत गेली, आणि १९०७ सालीं ह्या शाळांना इंजिनियरची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. हवालदाराच्या खांद्यावर अधिकाऱ्याची निशाणी चढली ती अशी. १९३४ च्या कायद्यानें फ्रान्समध्यें पदवीधर इंजिनियर ही उपाधि संरक्षित झाली. सरकारमान्य विद्यालयावांचून ती कोणी देऊं शकत नाहीं आणि तेथील पदवीवांचून ती कोणी लावूं शकत नाहीं. तोंपर्यंत येथील विद्यार्थ्यांनीं उद्योगधंद्यांत आपला जम बसविला होता. मोटारींच्या आरंभकाळांत नांवाजलेले दलाहे व दलाज हे दोघेहि कारखानदार आंझेच्या शाळेचे. क्लूनींत शिकलेल्या पिएर आंझेन्यू ह्यांच्या कारखान्याचें भिंग १९६४ सालीं ‘रेंजर’ ह्या अमेरिकन यानाबरोबर चंद्रापर्यंत गेलें आणि तेथील भूमीचीं जवळून घेतलेलीं छायाचित्रें जगास पाहावयास मिळालीं.

आतां आजच्या विद्यार्थ्याकडे वळावें. फ्रान्समध्यें शालान्त परीक्षा झाल्यावर इंजिनियर होऊं इच्छिणारा मुलगा बहुधा थेट विद्यालयांत जात नाहीं. तो प्रथम दोन वर्षें ‘पूर्वतयारीच्या वर्गां’त काढतो. हे वर्ग गांवोगांवच्या मोठ्या माध्यमिक शाळांतच भरतात. गणित, भौतिकी, भाषा, तत्त्वज्ञानाचे निबंध आणि दर आठवड्याला फळ्यापुढें उभें करून घेतलेल्या तोंडी परीक्षा, असा हा कार्यक्रम अठराव्या-एकोणिसाव्या वर्षींच्या मुलांचा चांगलाच घाम काढतो. शेवटीं स्पर्धापरीक्षा असते. तींत उत्तीर्ण होणें हा शब्द गैरलागू. जागा मोजक्या असतात आणि क्रमांक लागावा लागतो. ‘आर ए मेतिए’साठीं मुख्य दरवाजा आहे तो भौतिकी व तंत्रविद्या ह्या शाखेचा, आणि तेथें यंत्राचा नकाशा वाचणें व काढणें ह्याला आजहि महत्त्व आहे.

प्रवेश मिळाल्यावर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. पहिलीं दोन वर्षें विद्यार्थी सामान्यतः एकाच प्रांतिक केंद्रांत काढतो, आणि तिसऱ्या वर्षीं जो विशेष विषय घ्यावयाचा तो ज्या केंद्रांत शिकवितात तेथें जातो. लीलचा विद्यार्थी बोर्दोला विमानविद्येकडे वळला, किंवा एक्सचा मुलगा सामान उचलून पॅरिसला आला, तर त्यांत नवल नाहीं. मेत्झ हें जर्मनीच्या सरहद्दीजवळचें गांव; तेथल्या केंद्राचा कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाशीं जुना घरोबा आहे आणि दोन्ही देशांच्या पदव्या मिळविण्याची सोय आहे. ज्या प्रांतावरून दोन राष्ट्रांनीं तीन युद्धांत एकमेकांचे गळे कापले, त्या प्रांतांत हें घडावें ही समाधानाची गोष्ट आहे. मधल्या काळांत कारखान्यांतील उमेदवारी असते. पहिली उमेदवारी साध्या कामगाराची. यंत्रापाशीं उभें राहावयाचें, पाळी करावयाची आणि मुकादमाचें ऐकावयाचें. पुढें इंजिनियर झाल्यावर ज्यांच्यावर हुकूम चालवावयाचा त्यांच्या पंक्तीस एकदां बसून घ्यावें, ही रीत शहाणपणाची म्हटली पाहिजे.

ह्या भटकंतींत संस्थेचें एकपण टिकतें कशानें? नियम, अंदाजपत्रक आणि मुख्य संचालक हे एक आहेत हें खरें. पण खरा दोर आहे तो विद्यार्थ्यांच्या बंधुभावाचा. येथील विद्यार्थ्याला ‘गाद्झार’ म्हणतात. ‘कलाशाळेचीं पोरें’ अशा अर्थाच्या बोलींतील शब्दांचा तो अपभ्रंश आहे. त्यांची स्वतःची सांकेतिक बोली आहे, टोपणनांवें आहेत, गाणीं आहेत आणि कार्यशाळेच्या जुन्या झग्यांतून उरलेला विशिष्ट पोषाख आहे. माजी विद्यार्थ्यांचा संघ १८४६ पासून चालू आहे आणि पॅरिसच्या येना राजमार्गावर त्याचा स्वतःचा वाडा आहे. एक्सचा म्हातारा इंजिनियर लीलच्या पोराला नोकरीची वाट दाखवितो तो ह्याच नात्यानें.

ह्या नात्याचें मोल कधीं कधीं प्राणाइतकें झालें आहे. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मनांच्या ताब्यांतील पॅरिसमध्यें झाक बोंसर्झां हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण इंजिनियर मित्रांसह एका लग्नाहून परतत होता. तो आंझेच्या शाळेचा. काळोख्या रस्त्यांत जर्मन सैनिकांशीं धक्काबुक्की झाली. मित्र निसटले, हा एकटा हातीं लागला. मित्रांचीं नांवें सांगावयास त्यानें नकार दिला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजीं त्याला गोळी घालण्यांत आली. त्याला ठार केल्याचीं भित्तिपत्रकें शहरभर लागलीं तेव्हां पॅरिसकरांनीं रात्रींतून त्यांच्याखालीं फुलें ठेविलीं. आज पॅरिसच्या भुयारी रेल्वेचें एक स्थानक त्याच्या नांवानें ओळखलें जातें.

तथापि ह्या बंधुभावाची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. नव्या मुलांना ‘घडविण्या’च्या नांवाखालीं जुनीं मुलें त्यांना आठवडेच्या आठवडे रात्री जागवीत, ओरडून कवाईत करावयास लावीत, सांकेतिक बोली व गाणीं पाठ करून घेत. स्वेच्छेनें होणाऱ्या समारंभाचा छळ केव्हां होतो हें करणाऱ्यास कळत नाहीं. सोसणाऱ्यास मात्र कळतें. १९९८ च्या कायद्यानें असा छळ फ्रान्समध्यें गुन्हा ठरला. तेव्हांपासून ह्या प्रथेला वेळोवेळीं आवर घालण्यांत आला आहे, आणि प्रत्येक वेळीं जुन्यांनीं परंपरा बुडाली म्हणून हळहळ व्यक्त केली आहे. ज्या शाळेच्या भिंतींआड १९६४ पर्यंत एकाहि मुलीला प्रवेश नव्हता, तिच्या साऱ्या परंपरा सोन्याच्या असतील असें मानण्याचें कारण नाहीं. आजहि तेथें मुलींची संख्या मुलांच्या मानानें थोडीच आहे. आठ गांवांना बांधणारा दोर कोणाच्या गळ्याला काचतो, हें त्या विद्यालयानें स्वतःच पाहावयाचें आहे.

संशोधनाची कथा निराळी, आणि मजेची. फ्रान्समधील इंजिनियरिंग विद्यालयें फार काळपर्यंत संशोधनाचीं घरें नव्हतींच. संशोधन विद्यापीठांनीं करावें, विद्यालयांनीं माणसें घडवावींत, अशी वांटणी होती. जर्मनींत इंजिनियरच्या नांवामागें डॉक्टर ही पदवी शोभे. फ्रान्समध्यें विद्यालयाचें नांवच पुरेसें होई. ही उणीव किती खोल होती हें पिएर बेझिए ह्यांच्या चरित्रावरून दिसतें. बेझिए १९३० सालीं पॅरिसच्या शाळेंतून इंजिनियर झाले, १९३३ सालीं रेनो मोटार कारखान्यांत शिरले आणि बेचाळीस वर्षें तेथेंच राहिले. मोटारीच्या अंगाचा आकार त्या काळीं हातानें काढीत. चित्रकार रेखाटी, नकाशा काढणारा तो उतरवी, नमुनेकार लांकडाचा किंवा प्लॅस्टरचा मूळ नमुना करी, त्यावरून ठसे तयार होत. प्रत्येक हातांत वक्ररेषा केसभर बदले, आणि शेवटीं पत्र्याचे दोन भाग जुळेनात तेव्हां चूक कोणाची ह्यावर वाद चाले. नकाशा प्रमाण कीं नमुना प्रमाण, हा वाद सुटण्यासारखा नव्हता, कारण खरी रेषा कोठेंच लिहिलेली नव्हती.

बेझिए ह्यांनीं रेषेलाच लिहून काढण्याची युक्ति योजिली. चार बिंदु घ्यावे. रेषा पहिल्यापासून निघते आणि चौथ्यापाशीं संपते. मधले दोन बिंदु तिला स्पर्श करीत नाहींत, ते लोहचुंबकासारखे दुरून तिला आपल्याकडे ओढतात. एक बिंदु थोडा हलविला कीं रेषेचा डौल बदलतो, पण ती कोठें मोडत नाहीं. ह्या चार बिंदूंचे आंकडे सांगितले कीं ती रेषा जगांत कोठेंहि, कोणत्याहि यंत्रावर, तशीच्या तशी निघते. सित्रोएन कारखान्यांतील पॉल द कास्तेलजो ह्यांना हीच कल्पना १९५९ च्या सुमारास स्वतंत्रपणें सुचली होती. पण त्यांच्या मालकांनीं ती गुप्त ठेविली, म्हणून नांव बेझिए ह्यांचें झालें. ही विद्या केवळ मोटारीपुरती राहिली नाहीं. आज संगणकावर जुळविलेलें देवनागरीचें प्रत्येक अक्षर, ‘क’ ची गांठ आणि ‘ळ’ ची दुहेरी वाटोळी, अशाच बिंदूंनीं ओढलेल्या रेषांचें असतें; मराठी वर्तमानपत्र उघडणारा मनुष्य रोज सकाळीं एका फ्रेंच मोटार-इंजिनियरची भूमिति वाचतो. आणि एवढें केलेल्या ह्या गृहस्थांनीं डॉक्टरची पदवी मिळविली ती १९७७ सालीं, कारखान्यांतून निवृत्त झाल्यावर.

आतां ती स्थिति पालटली आहे. आठहि केंद्रांत प्रयोगशाळा आहेत आणि त्यांपैकीं कित्येक राष्ट्रीय संशोधनमंडळाशीं किंवा स्थानिक विद्यापीठांशीं संयुक्त आहेत. विषयांकडे पाहतांच जुन्या चार कार्यशाळा ओळखूं येतात. ओतशाळेच्या जागीं धातूंच्या घडणीचा अभ्यास आला, लोहाराच्या घणाच्या जागीं लेझर किरणाचा आघात आला आणि कानशीच्या जागीं कर्तनाचें शास्त्र आलें. विमानाच्या इंजिनांत निकेलच्या अशा मिश्रधातु वापरतात कीं त्या तापल्या तरी मऊ पडत नाहींत. हा गुण इंजिनांत हवाच, पण त्या धातूचा भाग कातून काढणाऱ्याच्या तो जिवावर उठतो. उष्णता छिलक्याबरोबर निघून जाण्याऐवजीं हत्याराच्या टोंकाशीं सांचते आणि टोंक झिजतें. तें टोंक किती तापतें, छिलका कोठें तुटतो, पृष्ठभागाखालीं कोणता ताण मागें राहतो, हें मोजण्यांत एकेका संशोधकाचीं तीन तीन वर्षें जातात. क्लूनी भोंवतीं बर्गंडीचीं अरण्यें आहेत. म्हणून तेथल्या प्रयोगशाळेंत धातूच्या जोडीला लांकूड आलें. ओंडका फिरवीत ठेवून लांब पात्यानें त्याचा कागदासारखा पापुद्रा सोलावयाचा, त्यापासून थरांचें लांकूड करावयाचें, हा धंदा जुना. पापुद्र्याला तडे कां जातात हा प्रश्न मात्र अद्याप संशोधनाचा आहे.

पॅरिसच्या केंद्रांतील एक काम तर इंजिनियरिंगच्या वेशीबाहेरचें वाटेल. वाढत्या वयांतील कांहीं मुलांचा, विशेषतः मुलींचा, पाठीचा कणा वांकडा होत जातो. हा वांक एका पातळींत नसतो. कणा बाजूला झुकतो आणि त्याच वेळीं स्वतःभोंवतीं पिळतो. साधें क्ष-किरण चित्र सपाट असल्यामुळें पीळ दाखवीत नाहीं, आणि वर्षानुवर्षें पुनःपुन्हा चित्रें घ्यावयाचीं तर कोंवळ्या शरीरावर किरणांचा मारा होतो. झॉर्झ शारपाक ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यास १९९२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तें अणुगर्भांतील कण टिपणाऱ्या उपकरणाबद्दल. तेंच उपकरण क्ष-किरण टिपावयास लावलें तर फारच थोड्या किरणांत भागतें. शारपाक, झां द्युबूसे हे शस्त्रवैद्य आणि पॅरिस केंद्रांतील शरीरयंत्रशास्त्राची प्रयोगशाळा ह्यांनीं, मोंत्रेआलच्या संशोधकांच्या सहकार्यानें, एक यंत्र सिद्ध केलें. मूल उभें असतांनाच समोरून व बाजूनें एकदम दोन चित्रें निघतात आणि त्यांवरून कण्याची लांबी, रुंदी व खोली असलेली आकृति गणितानें उभी करतात. उभें राहून, हें महत्त्वाचें. कारण निजलेल्या माणसाच्या कण्यावर देहाचा भार नसतो, आणि पूल रिकामा असतांना त्याची परीक्षा होत नसते. हें कोणत्याहि इंजिनियरला सांगावें लागत नाहीं. आज तेथील संस्था शारपाक ह्यांच्याच नांवानें चालते.

डॉक्टरच्या पदवीसाठीं साधारणपणें तीन वर्षें धरतात. उमेदवार हा विद्यार्थी असतो तसा पगारी नोकरहि असतो. वेतनाची सोय झाल्यावांचून त्यानें कामास लागावें अशी तेथें अपेक्षा नाहीं. १९८१ पासून एक विशेष योजना चालू आहे. तींत एखादा कारखाना उमेदवारास आपला इंजिनियर म्हणून नेमतो, सरकार कारखान्यास त्यासाठीं अनुदान देतें आणि प्रयोगशाळा मार्गदर्शक देते. आठवड्याचे कांहीं दिवस कारखान्यांत, कांहीं दिवस प्रयोगशाळेंत. ही व्यवस्था कागदावर जितकी सुरेख दिसते तितकी रोजच्या व्यवहारांत नसते. कारखान्यास उत्तर उद्यां पाहिजे असतें, मार्गदर्शकास तें खरें पाहिजे असतें, आणि मध्यें सांपडलेल्या तरुणाला दोघांचेंहि समाधान करावयाचें असतें. कारखान्याचीं गुपितें कोणतीं आणि प्रबंधांत छापावयाचें काय, हेंहि आधींच ठरवून घ्यावें लागतें. प्रबंध पुरा झाला कीं बाहेरचे दोन परीक्षक लेखी अभिप्राय देतात; तो अनुकूल असेल तरच जाहीर वादसभा भरते. तिला कोणीहि येऊन बसूं शकतो. उमेदवाराचे आईबाप पुढच्या रांगेंत बसून न समजणारें व्याख्यान आनंदानें ऐकत असल्याचा देखावा तेथें नेहमींचा आहे.

बाहेरच्या देशांतील विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या वर्गांची आणि स्पर्धापरीक्षेची वाट चालावीच लागते असें नाहीं. दोन विद्यालयांच्या करारानें होणारी अदलाबदल, एम्‌.ए. किंवा एम्‌.एस्‌सी.च्या तोडीचे उच्च वर्ग, आणि संशोधनाची उमेदवारी, असे तीन मार्ग त्याला मोकळे आहेत. उच्च वर्गांपैकीं कांहीं इंग्रजींत चालतात. तरी फ्रेंच भाषेवांचून निभाव लागेल ह्या भरंवशावर कोणी राहूं नये. प्रयोगशाळेंत इंग्रजीवर काम भागतें. परंतु यंत्रशाळेंतील अनुभवी तंत्रज्ञ, ज्याच्या मर्जीवांचून प्रयोगाचा एक तुकडाहि कातून मिळत नाहीं, तो आपल्या प्रांताच्या फ्रेंचमध्येंच बोलतो. शिवाय पॅरिस म्हणून निघावें आणि नेमणूक क्लूनीस व्हावी, असेंहि घडतें.

आणि क्लूनी म्हणजे काय, हें तेथें उतरल्यावर कळतें. बर्गंडीच्या टेंकड्यांतील हें कांहीं हजार वस्तीचें गांव. ९१० सालीं तेथें मठ स्थापन झाला आणि १०८८ सालीं त्याच्या थोरल्या मंदिराचें बांधकाम सुरू झालें. १८७ मीटर लांबीचें तें मंदिर, रोममधील सेंट पीटरचें आजचें देवालय बांधून होईपर्यंत, ख्रिस्ती जगांत सर्वांत मोठें होतें. क्रांतीनंतर १७९८ सालीं तें विकलें गेलें. घेणाऱ्यांनीं सुरुंग लावून लावून दगड विकले, आणि पंचवीस वर्षांत एका बाजूचा थोडा भाग तेवढा उरला. मठांतील संन्याशांच्या अठराव्या शतकांतील निवासांत पुढें विद्यालय आलें. नाहींशा झालेल्या मंदिराशेजारीं राहणाऱ्या ह्या इंजिनियर विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तें संगणकावर पुन्हा बांधावयास घेतलें. उत्खननांतील मापें, जुनीं चित्रें, उरलेल्या खांबांचे कोरीव माथे, हें सारें जुळवून कमान कमानीवर चढविण्यांत आली. मठाच्या स्थापनेस अकराशें वर्षें झालीं त्या २०१० सालीं त्याचा चित्रपट तयार झाला. मोकळ्या आवारांत फिरता येणारे पडदे बसविले आहेत. पाहणाऱ्यानें तो पडदा ज्या दिशेस वळवावा त्या दिशेचा पाडलेला भाग त्यावर जागच्या जागीं दिसतो. पलीकडच्या कार्यशाळेंतून त्याच वेळीं ओंडका सोलणाऱ्या यंत्राचा आवाज येत असतो.